विरोधी बाकावरचा मसुदा

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलाने सीताराम केशव बोले यांचा एक ठराव मंजूर केला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा सरकारने नेमलेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना मोकळे असावेत, एवढीच त्यात मागणी होती. बोले हे भंडारी समाजातले, मुंबईच्या गिरणगावात कामगार हितवर्धक सभेच्या कामामुळे ओळखले जाणारे. कौन्सिलात त्यांच्यामागे बहुमताचा पक्ष नव्हता. तरीही ठराव मंजूर झाला आणि ११ सप्टेंबरला सरकारने आपल्या खात्यांना त्याप्रमाणे वागण्याचा हुकूम काढला. आपल्या सामाजिक इतिहासात बोले ठराव अभिमानाने सांगितला जातो, आणि तो अभिमान रास्त आहे. मात्र तीनच वर्षांनी, ५ ऑगस्ट १९२६ रोजी, त्याच बोल्यांना त्याच सभागृहात दुसरा ठराव आणावा लागला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. पहिला ठराव ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पाळत नाहीत त्यांची सरकारी मदत बंद करावी, असे त्यात म्हटले होते. म्हणजे मधल्या तीन वर्षांत पाणवठे जवळजवळ होते तसेच राहिले होते आणि बोले यांना दुखणे नेमके कळले होते. ठराव न पाळल्याने कोणाच्या खिशाला झळ बसत नव्हती, कोणाला दंड होत नव्हता, आणि ज्याला पाणी नाकारले गेले त्याला दाद मागायला ठिकाण नव्हते.

महाडचे उदाहरण या बाबतीत निर्णायक आहे. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेला जमलेले लोक त्या तळ्यावर जाऊन पाणी प्याले, आणि गावात त्यांच्यावर हल्ला झाला. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये तिथेच ठरलेल्या सत्याग्रहाआधी स्पृश्यांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. तळे खाजगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे, हा त्यांचा दावा. खटला महाडहून ठाण्याला आणि ठाण्याहून मुंबई उच्च न्यायालयात गेला. १७ मार्च १९३७ रोजी ब्रूमफील्ड आणि वाडिया या न्यायमूर्तींनी स्पृश्यांचे अपील फेटाळले. अशी अनादी रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, या मुद्द्यावर. कौन्सिलाच्या ठरावानंतर साडेतेरा वर्षांनी कायद्याने पाणी मोकळे झाले, तेही मालकी आणि वहिवाटीच्या पुराव्यावर. वादींना दोनअडीचशे वर्षांची वहिवाट कागदोपत्री दाखवता आली असती, तर बोले ठराव त्यांच्या आड आला असता असे मला वाटत नाही.

विरोधी बाकावरच्या सभासदाने सामाजिक न्यायाचा प्रश्न सभागृहात उचलला म्हणजे काय केले, हे ठरवताना मी हाच अनुभव पाया धरतो. अन्यायाचे वर्णन करणे हा त्या कामाचा सोपा भाग असतो. त्यात भाषण गाजते, वर्तमानपत्रात मथळा येतो, सत्ताधारीही सहानुभूतीने माना डोलावतात. कठीण भाग नंतरचा: अन्याय कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमातून चालतो ते शोधणे, ते कलम बदलणारा मसुदा लिहिणे, बदलाचा खर्च कोण सोसणार ते आकड्यांत सांगणे आणि बदल न मानणाऱ्याचे काय होईल ते नमूद करणे. मुंबई इलाख्याच्या विधिमंडळात १९२७ ते १९३९ या काळात आंबेडकरांनी हा दुसरा भाग जेवढ्या चिकाटीने केला तेवढा क्वचितच कोणी केला असेल. त्यांची महत्त्वाची विधेयके तिथे मंजूर झाली नाहीत. तरीही त्या बारा वर्षांचा हिशेब मतांच्या बेरजेवर करणे चूक आहे, असे माझे म्हणणे आहे.

पहिला आक्षेप इथेच येतो. १९२७ साली आंबेडकर कौन्सिलात आले ते निवडून नव्हे, डॉ. पुरुषोत्तम सोळंकी आणि ते, असे दोघे अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून सरकारनियुक्त होते. त्याआधी ‘मूकनायक’चे एके काळचे संपादक ज्ञानदेव घोलप यांचीही अशीच नेमणूक झाली होती. गव्हर्नराने नेमलेला माणूस विरोधक कसा, असे तेव्हाही विचारले गेले आणि आजही विचारले जाते. याचे उत्तर कामकाजाच्या वृत्तांतातच आहे. २४ फेब्रुवारी १९२७ रोजी अर्थसंकल्पावर बोलताना या नव्या नियुक्त सभासदाने सरकारच्या उत्पन्नाच्या मुख्य साधनावर, जमीन साऱ्यावरच, बोट ठेवले. प्राप्तिकरात ठरावीक उत्पन्नाखालच्या माणसाला सूट मिळते; शेतसारा मात्र एकदोन एकरांचा धनी असो की शेकडो एकरांचा, पीक आलेले असो की बुडालेले, सगळ्यांकडून सारखाच वसूल होतो. मार्चमध्ये शिक्षणाच्या अनुदानावर त्यांनी आणखी अडचणीचा हिशेब मांडला. इलाख्यात शिक्षणावर दरडोई खर्च चौदा आणे, आणि दारूच्या उत्पन्नातून सरकार दरडोई वसूल करते दोन रुपये दोन आणे नऊ पै. प्राथमिक शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत अठराच पोचतात. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जमा होतात. लोकांकडून जे घेता त्यातले निदान तेवढे तरी शिक्षणासाठी परत द्या, ही मागणी सरकारला खूश करण्यासाठी केलेली नव्हती. नेमणुकीचा कागद कोणी दिला यापेक्षा त्या जागेवर बसून सभासद कोणाचा जमाखर्च उघडा करतो, हे पाहायला हवे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महसूल खात्याने जमिनीचे तुकडे थांबवण्यासाठी छोट्या खातेदारांसंबंधी विधेयक आणले. हेतू चांगला वाटावा असाच होता. आंबेडकरांनी विरोध करताना विचारले की, तुकडे एकत्र करून ते एकाच्या नावे केल्यावर बाकीचे वारस जातील कोठे? ते भूमिहीन मजूर होतील. जमीन एकाच्या मालकीची न करता कसण्याचे काम एकत्र करावे, सहकारी शेतीचा मार्ग घ्यावा, असा पर्याय त्यांनी मांडला. ते विधेयक पुढे सरकारला सोडून द्यावे लागले. त्यात शेतकरी चळवळींचा वाटा मोठा होता, सगळे श्रेय एका भाषणाला देण्याचे कारण नाही. १९२८ मध्ये गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा देणारे आसवले यांचे विधेयक आले. मध्यवर्ती कायदेमंडळात ना. म. जोशी यांचा असा प्रयत्न आधी फसला होता. मुंबईने एकटीने हा बोजा घेतला तर तिच्या गिरण्या इतर प्रांतांपुढे टिकणार नाहीत, असे विरोधकांचे म्हणणे. आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा देताना हा बोजा खरे तर बऱ्याच अंशी सरकारनेच उचलायला हवा हे मान्य केले. पण सरकार उचलत नाही म्हणून आईच्या विश्रांतीला नकार देता येत नाही, आणि तिच्या श्रमातून ज्याचा नफा होतो त्याने तोवर ते पैसे द्यावेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ चा मुंबईचा मातृत्व लाभ कायदा हा देशातला या विषयावरचा पहिला कायदा ठरला. एका बिनसरकारी सभासदाचा मसुदा कायदा होऊ शकला. पैसे कोण देणार हा प्रश्न त्याने मोघम ठेवला नव्हता, हे त्या यशाचे एक मोठे कारण होते.

खरी कसोटी महार वतनाची. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याखाली महारकी हे वतन होते. इनामाचा जमिनीचा तुकडा आणि गावाकडून मिळणारे बलुते, या मोबदल्यात महाराने सरकारची आणि गावाची चाकरी करायची. चाकरी कोणती, याची यादी मात्र कायद्यात कोठेच नव्हती. वेशीवर राखण करायची, टपाल पोचवायचे, साऱ्याच्या भरण्यासाठी रयतेला चावडीवर बोलावून आणायचे, अंमलदार आला की त्याचे सामान वाहायचे, वाट दाखवायची, शिवेच्या भांडणात साक्ष द्यायची, मेलेल्याची बातमी परगावी न्यायची. महसूल खात्याचे वतन, पण राबवून घेणार पोलीस, जंगल, आरोग्य, सगळीच खाती. दिवस की रात्र हा प्रश्न नाही. वतनदार घरी नसेल तर बाप, मुलगा किंवा घरातली बाई, कोणीतरी हजर झालेच पाहिजे. पिढ्या वाढल्या तसे इनाम जमिनीचे वाटे झाले, एकेकाच्या वाट्याला गुंठे आले, पण चाकरीचे वाटे झाले नाहीत. ती सगळ्या कुटुंबावर कायम. शिवाय बलुते द्यायचे की नाही हे रयतेच्या मर्जीवर. महारांनी मेलेली गुरे ओढणे सोडले, पाणवठ्यावर हक्क सांगितला की बलुते बंद करणे हे गावाच्या हातातले सगळ्यात स्वस्त हत्यार होते. महाडनंतर ते गावोगाव वापरले गेले.

१९ मार्च १९२८ रोजी आंबेडकरांनी या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक सादर केले. त्याची रचना नीट पाहिली तर बोले ठरावाच्या अपयशातून ते किती शिकले होते हे दिसते. महारकी हा कलंक आहे असे जाहीर करून ते थांबले नाहीत. ज्या वतनदाराला चाकरीतून मोकळे व्हायचे आहे त्याने तसे करावे आणि पूर्ण आकार भरून जमीन आपल्याकडे राखावी. म्हणजे सरकारची तिजोरी रिकामी होत नाही, उलट जिथे जुडी, म्हणजे सवलतीचा कमी सारा, मिळत होती तिथे पूर्ण सारा मिळेल. बलुत्याचे रूपांतर रोख पट्टीत व्हावे आणि ती साऱ्याबरोबर वसूल व्हावी. म्हणजे मोबदला गावाच्या मर्जीवर राहत नाही. जे चाकरीत राहतील त्यांच्या कामांची यादी ठरवावी. अर्धपोटी ठेवलेला नोकर बदलून पुऱ्या पगाराचा नोकर नेमायचा तर पैसे लागतील, हे उघड होते. तेव्हा ते आजवर कोणाच्या पोटातून वाचवले जात होते, हेही सभागृहाला ऐकावे लागले. आजही कोणा आमदाराला सामाजिक न्यायावर बोलण्याची तयारी करायची असेल तर हे विधेयक आणि त्यावरची ऑगस्ट १९२८ मधली चर्चा मुळातून वाचावी. राज्य सरकारने १९८२ मध्ये वसंत मून यांच्या संपादनाखाली काढलेल्या दुसऱ्या खंडात ती आहे.

विधेयक प्रवर समितीकडे गेले आणि तिथे त्याचा जीव काढून घेतला गेला. पाटील-वतनदारांच्या हिताचे सभासद आणि महसूल खाते यांचे या एका बाबतीत छान जुळले. रयतेवर नवी पट्टी बसते, हा त्यांचा मुख्य बोभाटा. रयत आधीपासून बलुते देतच होती, याकडे सोयीने काणाडोळा. अखेर २४ जुलै १९२९ रोजी आंबेडकरांनी विधेयक मागे घेतले. इथे दुसरा आक्षेप ऐकला पाहिजे, आणि तो जास्त वजनदार आहे. सगळ्या महारांना वतन जायला नको होते. वतन म्हणजे गावात हक्काची जागा, पाडेवारीचा मान, थोडी का होईना जमीन. ती सोडून भविष्यात काय, या भीतीला कारण होते. मग हा कायदा समाजाच्या वतीने मागितला की समाजाच्या माथी मारला? मसुद्यातच याचे उत्तर होते. चाकरी सोडणे ऐच्छिक ठेवले होते आणि जमीन सोडायची नव्हती. ज्यांना वतनाचा मान प्रिय होता त्यांना तो ठेवण्याची मुभा होती. ज्यांना मुंबई-पुण्याची वाट धरायची होती त्यांचे हातपाय मोकळे होणार होते. भाषणात हे दोन गट एकमेकांसमोर उभे राहिले असते. कलमात त्यांना एकत्र ठेवता आले.

त्याच सुमारास, १९२८ मध्ये, डॉ. सोळंकी यांच्या ठरावावरून सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करायला स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आंबेडकर आणि सोळंकी दोघेही तिच्यात होते. १९३० चा तिचा अहवाल म्हणजे शाळा, जमीन, नोकऱ्या, पाणी यांवरचा सरकारी शिक्क्याचा पुरावा. ठराव हे साधन अगदी निकामी नव्हते, एवढे बोले यांच्या बाजूने नोंदवून पुढे जातो.

भारत सरकारच्या १९३५ च्या कायद्याने चित्र बदलले. ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. १९३७ च्या निवडणुकीत आंबेडकर मुंबईतून, भायखळा-परळच्या भागातून निवडून आले. काँग्रेसने त्यांच्यासमोर पळवणकर बाळू या नामवंत क्रिकेटपटूला उभे केले होते. पक्षाने उभ्या केलेल्या सतरांपैकी बहुतेक उमेदवार निवडून आले. अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, शामराव परुळेकर अशी अस्पृश्येतर मंडळीही त्यांत होती. १७५ जणांच्या सभेत हा गट लहानच. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री, तेव्हाच्या भाषेत पंतप्रधान. दादासाहेब मावळंकर सभापती. परकीय सरकारला विरोध करणे आता संपले होते. आता समोर लोकांनी निवडलेले, खादीतले सरकार होते. मला वाटते, विरोधी बाकाची परीक्षा अशा वेळीच होते. ज्याच्या हेतूंबद्दल लोकांना शंका नाही त्याला प्रश्न विचारणे अवघड जाते आणि विचारणाऱ्याच्या हेतूबद्दलच शंका घेतली जाते.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी पुण्याच्या अधिवेशनात आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. रत्नागिरी, कुलाबा आणि ठाण्याच्या काही भागात सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये खोत बसलेला होता. मुळात तो सारा गोळा करून भरणारा. पण १८८० च्या खोती कायद्याने त्याच्या हक्कांना असे काही रूप दिले की गावाचा धनी कोण, याचे उत्तर कुळाच्या दृष्टीने एकच उरले. पिकाचा अर्धा, कुठे तिसरा हिस्सा, त्यावर वेठीचे दिवस आणि वरकड हक्क. दाद मागायची तर तलाठ्याच्या दप्तराआधी खोताचे दप्तर. टिळकांसारख्या लोकनेत्याने ‘केसरी’तून खोतांची बाजू मांडली होती, यावरून राष्ट्रीय चळवळीतही या संस्थेला किती आधार होता ते कळावे. अलिबागजवळच्या चरीत १९३३ पासून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांच्या कुळांनी खोतांची जमीन कसणेच बंद केले होते. आगरी, कुणबी, महार अशा सगळ्या कुळांचा हा प्रश्न होता, त्यामुळे आंबेडकर फक्त आपल्या जातीपुरते बोलतात हा तिसरा आक्षेप इथे टिकत नाही. कोकणात खोतीच्या जाचाखालचा बहुसंख्य शेतकरी अस्पृश्य नव्हताच. मसुदा पुन्हा त्याच शिस्तीचा. खोती नाहीशी करावी, खोताला वाजवी भरपाई द्यावी, प्रत्यक्ष कब्जात असलेल्या कुळाला जमीन महसूल कायद्याखालचा कब्जेदार समजून त्याचा सारा थेट सरकारात घ्यावा. भरपाईच्या कलमावरून डाव्यांनी नाके मुरडली असतील. पण त्या कलमाने मालमत्तेवर दरोडा हा आरोप आधीच निकालात काढला होता.

सरकारने विधेयक पुढे सरकू दिले नाही. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातून आणि इतर जिल्ह्यांतून आलेल्या वीसएक हजार शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला, शिष्टमंडळ खेरांना भेटले, आश्वासने मिळाली. १९३९ मध्ये कुळांसाठी एक मर्यादित कायदा आला. नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळानेच राजीनामा दिला आणि विधेयक तसेच राहिले. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, १५ मे १९५० पासून, आणि तो कायदा करणारे सरकार पुन्हा बाळासाहेब खेरांचेच होते. म्हणून असे म्हणता येईल, आणि म्हटले जाते, की खोती काँग्रेसने घालवली, कुळांनी संप करून घालवली, विरोधी बाकावरचे विधेयक हे इतिहासातले एक पान फक्त. यातला अर्धा भाग मला मान्य आहे. चरीच्या कुळांनी सहा वर्षे पोटाला चिमटा घेतला नसता तर कोणत्याही मसुद्याला वजन आले नसते. पण संप कायदा लिहीत नाही. १९३७ च्या विधेयकानंतर खोती ठेवायची की नाही हा प्रश्न मागे पडला आणि ती केव्हा व कोणत्या अटींवर काढायची हा प्रश्न पुढे आला. सरकारला नकार देता आला नाही, फक्त लांबणीवर टाकता आले. आणि बारा वर्षांनी जो कायदा झाला त्याचाही सांगाडा मध्यस्थ काढून कुळाला थेट कब्जेदार करण्याचाच होता.

एका प्रकरणात मात्र हे सगळे उलट घडले. सप्टेंबर १९३८ मध्ये सरकारने औद्योगिक तंट्यांचे विधेयक आणले. तडजोडीची लांबलचक पायरी ओलांडल्याशिवाय केलेला संप बेकायदा ठरवून त्याला शिक्षा देणारे हे विधेयक. आंबेडकरांचा मुद्दा कायद्याच्या मुळाशी जाणारा होता. नोकरीचा करार मोडणे हा आपल्या कायद्यात दिवाणी प्रश्न आहे. नुकसानभरपाई मागता येते, तुरुंगात टाकता येत नाही. मजुराला करारभंगासाठी शिक्षा देणारा १८५९ चा कायदा खुद्द इंग्रजांच्या अमदानीत १९२५ मध्ये रद्द झाला होता. मग काम सोडणे एकट्याने केले तर गुन्हा नाही आणि चौघांनी मिळून केले तर गुन्हा, हे कोणत्या न्यायाने? मजुराला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करायला लावणे म्हणजे गुलामगिरी, अशा शब्दांपर्यंत ते गेले. सभागृहात जमनादास मेहता या सभासदानेही कडाडून विरोध केला. विधेयक मंजूर झाले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि गिरणी कामगार युनियनचे कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. १९२८-२९ च्या गिरणी संपांत आंबेडकर आणि कम्युनिस्ट यांचे पटले नव्हते, विणखात्यात अस्पृश्यांना मज्जाव का, हा त्यांचा प्रश्न युनियनने टाळला होता. ते दोघे आता एका व्यासपीठावर आले. गोळीबार झाला, चौकशी समिती बसली. कायदा जागचा हलला नाही, आणि संपाला तडजोडीच्या चाकोरीत बांधण्याची त्याची रीत १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यातही चालू राहिली.

या प्रकरणाने माझा युक्तिवाद ढासळतो की पक्का होतो? भाषण अचूक होते, रस्ता सोबत होता, मोर्चाही खोतीच्या मोर्चाहून लहान नव्हता. नव्हता तो स्वतःचा मसुदा. तंटे कसे सुटावेत, युनियनला मान्यता कशी मिळावी, मालकाने तडजोड नाकारली तर काय, याचे पर्यायी विधेयक विरोधकांकडून आले नाही. दुसऱ्याच्या मसुद्याला नाही म्हणणे एवढेच हाती होते. दोन महिन्यांत पर्यायी कामगार कायदा लिहिणे लहान पक्षाला शक्य होते का, ही शंका रास्त आहे, आणि त्याबद्दल मी आंबेडकरांना दोष देत नाही. १९४२ नंतर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते हाती येताच त्यांनी मालक, मजूर आणि सरकार यांच्या त्रिपक्षीय परिषदांवर भर दिला, यावरून ही उणीव त्यांच्याही मनात असावी असे वाटते. पण खोतीत जे उरले ते इथे उरले नाही, हे मान्य केले पाहिजे.

शेवटचा आक्षेप सत्याग्रहींचा. सभागृहाने काय दिले? पाणी महाडच्या लोकांनी मार खाऊन मिळवले, जमीन कोकणातल्या कुळांनी उपाशी राहून. बाक सोडून रस्त्यावर आले तेव्हाच काही हलले. हे खरे मानले तरी एक गोष्ट उरते: रस्त्यावरच्या माणसाला शेवटी एक कागद हातात लागतो, आणि तो कोणी लिहिला याने फार फरक पडतो. महार वतनाचेच पाहा. डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावला वतनदार महारांची परिषद भरली, सरकारने जुडी वाढवल्याचा निषेध झाला. विधेयक मागे घेऊन दहा वर्षे झाली होती आणि चाकरी तशीच होती. ती संपवणारा कायदा, मुंबईचा कनिष्ठ गाव वतने रद्द करण्याचा १९५८ चा कायदा, अमलात आला १ ऑगस्ट १९५९ रोजी. आंबेडकरांना जाऊन तेव्हा पावणेतीन वर्षे होत आली होती. त्यांनी १९२८ मध्ये पूर्ण आकार भरला की जमीन वतनदाराकडे राहावी असे लिहिले होते. १९५८ च्या कायद्याने जमीन आधी सरकारजमा केली. मग आकाराच्या तिप्पट कब्जेहक्काची रक्कम मुदतीत भरणाऱ्या वतनदाराला ती परत दिली, तीही कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या नव्या शर्तीवर. महार वतनाच्या जमिनींचे खटले महाराष्ट्रातल्या महसूल कचेऱ्यांत अजून चालू आहेत.